काटा आणि दिवा

एसटीच्या गाडीत ड्रायव्हरच्या जवळचं बाकडं मिळालं की मुलं खूष असतात. तिथून पुढचा रस्ता दिसतो आणि ड्रायव्हरसमोरच्या फळीवरची गोल घड्याळंही दिसतात. वेगाचा काटा आणि डिझेलचा काटा मुलांना लगेच ओळखू येतो. पण आणखी दोन काटे असतात. एकावर तेलाच्या बुधलीचं चित्र असतं, दुसऱ्यावर पाण्यात बुडवलेल्या तापमापीचं. पुष्कळ जुन्या गाड्यांमध्ये हे दोन्ही काटे कधीच हललेले नसतात आणि गाडी मात्र चालत असते. मग एखादा चौकस मुलगा विचारतो, “हे बंद असूनही गाडी चालते, तर ते बसवलेच कशाला?”

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर शोधताना तेलाच्या आधी वाफेपर्यंत मागे जावं लागतं. आणि त्या शोधाची सुरुवात खानदेशातून करता येते.

कापूस, वाफ आणि बॉयलर

मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वे १८५३ साली सुरू झाली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जीआयपी रेल्वेचे रूळ खानदेशातून जळगाव-भुसावळच्या पलीकडे गेले. याच काळात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाला एकाएकी भाव आला. जळगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ झाली. कापूस पिंजायला, गठ्ठे दाबायला आणि पुढे सूत कातायला यंत्रं आली. ती चालवायला वाफ हवी, आणि वाफेसाठी बॉयलर.

बॉयलर म्हणजे आत उकळतं पाणी असलेलं बंद भांडं. आतला दाब वाढत किती गेला हे बाहेरून दिसत नाही. हात लावून, आवाज ऐकून अंदाज येत नाही. दाब मर्यादेबाहेर गेला तर भांडं फुटतं आणि आसपासची माणसं मरतात. १८६३ साली कलकत्त्यात असाच एक भीषण स्फोट झाला आणि त्यानंतर १८६४ मध्ये बंगाल प्रांतात बॉयलर तपासणीचा कायदा झाला. संपूर्ण देशासाठी एकच कायदा व्हायला १९२३ साल उजाडलं. बॉयलरवर दाबमापक हवा आणि त्याच्या तबकडीवर कमाल दाबाची तांबडी खूण हवी, हा नियम अशा अपघातांतून आला आहे.

पण हा दाब मोजायचा कसा? शाळेत आपण पाऱ्याचा दाबमापी शिकवतो. वातावरणाचा दाब पाऱ्याचा ७६ सेंटिमीटरचा स्तंभ तोलून धरतो. बॉयलरमध्ये वातावरणाच्या सहापट दाब असेल, तर स्तंभ साडेचार मीटरच्या वर जाईल. कारखान्याच्या भिंतीवर अशी उंच काचेची नळी एक वेळ बसवता येईल. हादरत, गचके खात धावणाऱ्या रेल्वेच्या इंजिनावर ती टिकणार कशी?

चपट्या नळीची करामत

याचं उत्तर पॅरिसमधल्या युजेन बूर्दों या कारागिराला सापडलं, तेही काहीतरी बिघडलं म्हणून. त्याच्या कारखान्यात वाफ थंड करण्यासाठी धातूची एक नागमोडी गुंडाळलेली नळी बनवत होते. वाकवताना ती एका बाजूने चपटी झाली. तिला पुन्हा गोल करण्यासाठी तिचं एक तोंड बंद करून दुसऱ्या तोंडाने आत दाबाखाली पाणी सोडलं. नळी गोल होऊ लागली, पण तसं होताना तिचं वेटोळंही उलगडू लागलं.

बूर्दोंच्या लक्षात आलं की वेटोळं किती उलगडतं ते आतल्या दाबावर अवलंबून आहे. त्याने चपटी नळी अर्धवर्तुळात वाकवली, एक टोक पक्कं केलं, दुसरं बंद टोक दात्यांच्या चाकांमार्फत काट्याला जोडलं. १८४९ साली त्याने या यंत्राचं पेटंट घेतलं. १८५१ च्या लंडनमधल्या मोठ्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. यात काच नाही, पारा नाही, आणि तबकडी तळहातावर मावेल एवढी. भुसावळच्या लोकोशेडमध्ये उभ्या राहणाऱ्या वाफेच्या इंजिनांवर हेच यंत्र असे. गॅस वेल्डिंगच्या नळकांड्यावर आणि हवा भरायच्या पंपावर ते आजही दिसतं.

वर्गात हे दाखवायला जत्रेतली फुंकर मारली की उलगडणारी कागदी पिपाणी पुरते. ती गुंडाळलेली चपटी नळीच असते. शेतीसाठी वापरतात तो चपटा पाइप गुंडाळलेला असताना त्यात पाणी सोडलं, तर तो आपोआप उलगडत सरळ होतो, हे खानदेशातल्या मुलांनी शेतात पाहिलेलं असतंच. पिपाणीत थोडी फुंकर मारली तर ती किती उलगडते, जोरात मारली तर किती, हे मुलांना मोजायला सांगावं. फुंकर थांबली की पिपाणी परत का गुंडाळली जाते, हाही प्रश्न विचारावा. धातूच्या नळीत हेच काम तिच्या स्थितिस्थापकतेने होतं. त्यामुळे काटा शून्यावर परत येतो.

तेलाने मारलेलं बूच

आता तेलाकडे येऊ. यंत्राचे फिरते दांडे बेअरिंगमध्ये बसवतात आणि तिथे तेल घालतात, हे यंत्र वापरणारे सगळे जाणतात. सुरुवातीच्या काळात आपल्या रेल्वेत यासाठी एरंडेल तेल मोठ्या प्रमाणात वापरत. तेल कमी पडलं तर आस तापतो. जंक्शनवर गाडी थांबली की रेल्वेचा माणूस आसाच्या पेटीला हात लावत गाडीच्या कडेने चालत जाई. ‘हॉट अ‍ॅक्सल’ ओळखायची ती रीत होती. पण तेल नेमकं काय करतं, हे एकोणिसावं शतक संपत आलं तरी नीट कळलं नव्हतं. लोकांना वाटे, तेलामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतात, एवढंच.

लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बोशाम्प टॉवर या अभियंत्याला घर्षणाचे प्रयोग करायला सांगितलं. त्याचा पहिला अहवाल १८८३ मध्ये आला. त्याने रेल्वेच्या आसासारखा दांडा फिरवला आणि त्यावर भार ठेवलेलं पितळी बेअरिंग बसवलं. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी भोक पाडलं. दांडा फिरू लागल्यावर भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागलं! टॉवरने भोकात बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर आली. मग त्याने तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवर सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि काटा २०० पौंडांची शेवटची खूण ओलांडून गेला.

याचा अर्थ असा, की दांडा बेअरिंगला टेकलेलाच नव्हता. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत होता. १८८६ साली ऑसबर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. फिरणारा दांडा बेअरिंगच्या बरोबर मध्ये नसतो, किंचित एका बाजूला असतो. त्यामुळे दोघांमधली फट पाचरीसारखी निमुळती होते. दांडा आपल्याबरोबर तेल ओढून या पाचरीत कोंबतो आणि त्यातून भार पेलणारा दाब तयार होतो.

म्हणजे हे तेल धातूला धातू लागू न देणारी पातळ गादीच आहे. ती कायम राहण्यासाठी दोन गोष्टी लागतात. तेल सतत येत राहिलं पाहिजे, आणि ते पुरेसं दाट पाहिजे.

पहिली गोष्ट पंपाने साधली. बर्मिंगहॅमच्या बेलिस कारखान्यातल्या आल्बर्ट पेनने १८९० मध्ये वेगवान वाफेच्या इंजिनासाठी पंपाने तेल ढकलण्याची पद्धत आणली. मोटारींमध्ये आधी ठिबक पद्धत होती. काचेच्या छोट्या नळीतून थेंब पडताना ड्रायव्हरला दिसत, ते मोजून तो तेल कमीजास्त करी. पंप आल्यावर थेंब दिसेनासे झाले. तेल इंजिनाच्या पोटात, बंद वाटांमधून वाहू लागलं. ते वाहतंय की नाही हे कळायला काहीतरी हवं होतं, म्हणून बॉयलरवरची बूर्दोंची नळी मोटारीच्या फळीवर येऊन बसली.

इथे एक बारकावा आहे. गेजवर दिसतो तो टॉवरने पाहिलेला, भार पेलणारा दाब नव्हे. तो पुरवठ्याचा दाब असतो. पंप तेल ढकलतो, बेअरिंगच्या अरुंद फटी त्याला अडवतात, या ओढाताणीतून तो दाब निर्माण होतो. फटी झिजून रुंद झाल्या की अडवणूक कमी होते आणि दाब उतरतो. तेल पातळ झालं तरी तो उतरतो. कारण वेगवेगळं, पण काटा दोन्ही वेळा खालीच येतो.

तेल पातळ होतं म्हणजे किती?

हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. एक अरुंद तोंडाचं नरसाळं घ्या. त्यात ठरावीक माप शेंगदाण्याचं तेल ओतून ते पूर्ण गळायला किती सेकंद लागतात ते मुलांना मोजू द्या. मग तेच तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा आणि पुन्हा मोजा. वेळ खूपच कमी होतो. तेलाचा हा दाटपणा, शास्त्रीय भाषेत विष्यंदिता, तापमानाबरोबर झपाट्याने घटतो. इंजिनचं तेलही याला अपवाद नाही.

म्हणूनच दाबाचा काटा एकटा पुरेसा नाही. त्याच्याशेजारी तापमानाचा काटा लागतो.

मोटारींमध्ये तापमान मोजायची पहिली लोकप्रिय सोय गमतीची होती. १९१० नंतरच्या दशकात अमेरिकेत हॅरिसन बॉइसचं ‘मोटोमीटर’ आलं. रेडिएटरच्या झाकणावरच तापमापी बसवलेली असे आणि ड्रायव्हर काचेतून तिच्याकडे बघत गाडी हाकी. नंतर तापमापी फळीवर आली, आणि इथे पुन्हा बूर्दोंची नळी उपयोगी पडली. इंजिनाच्या पाण्यात एक लहान धातूची कुपी बुडवलेली असते. तिच्यात ईथरसारखा लवकर उकळणारा द्रव असतो. केसासारख्या बारीक नळीने ती कुपी फळीवरच्या गेजला जोडलेली असते. पाणी तापलं की कुपीत वाफ होते, वाफेचा दाब वाढतो, आणि वाकडी नळी उलगडते. म्हणजे आपण तापमान वाचतो, पण नळी मोजते दाबच.

जुन्या ट्रॅक्टरवर असा मीटर असेल तर मुलांना त्याची तबकडी नीट पाहायला सांगा. थंड बाजूच्या खुणा दाटीने असतात आणि गरम बाजूच्या दूर दूर. ईथरच्या वाफेचा दाब ३५ अंशांना सुमारे १ वातावरण, ६० ला सव्वादोनच्या वर, ८० ला जवळजवळ ४, तर १०० ला सुमारे साडेसहा वातावरण असतो. हे आकडे आलेखावर मांडले की खुणा अशा का पडल्या ते आपोआप कळतं.

काट्याच्या जागी दिवा

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने तेलाच्या दाबाच्या काट्याऐवजी दिवा लावला. पुढे बहुतेकांनी तेच केलं. त्यामागे कारणं होती. दिवा स्वस्त पडतो. शिवाय गाडी चालवणारा आता शिकलेला यंत्रज्ञ राहिला नव्हता. काटा कुठे असायला हवा हे ज्याला माहीत नाही, त्याला काट्याचा काय उपयोग? तांबडा दिवा मात्र कुणाच्याही नजरेत भरतो. मेकॅनिक लोकांनी त्याला ‘इडियट लाइट’ म्हणून हिणवलं, तरी दिव्याची बाजू अगदीच लंगडी नव्हती.

दिव्याची मर्यादा काय आहे, हे एका प्रसिद्ध गाडीवरून पाहू. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने १९५० मध्ये एक व्हॅन बाजारात आणली. इंजिन मागे आणि ते पाण्याऐवजी हवेने थंड होणारं. तिच्यात पलंग, ओटा, कपाटं बसवून ‘कँपर’ गाड्या तयार झाल्या आणि १९६० ते ७० च्या दशकांत युरोपातले तरुण त्या घेऊन इराण-अफगाणिस्तानमार्गे भारतापर्यंत येऊ लागले. दिल्लीहून आग्रा रोडने मुंबई-गोव्याकडे उतरायचं, तर वाटेत शिरपूर आणि धुळे लागतं.

या व्हॅनचं एक नातं आपल्या ‘मॅटाडोर’शी आहे. जर्मनीच्या टेम्पो कारखान्याने १९४९ साली मॅटाडोर काढली, तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचंच हवेने थंड होणारं इंजिन होतं. १९५२ मध्ये फोक्सवॅगनने इंजिन देणं थांबवलं आणि दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. याच टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने १९५८ मध्ये आपल्याकडे बजाज टेम्पो कंपनी सुरू झाली. तिच्या आकुर्डीच्या कारखान्यातली मॅटाडोर पुढच्या पिढीची, पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनाची होती. केळीच्या घडांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं काही तिने वाहिलं.

फोक्सवॅगनच्या त्या व्हॅनमध्ये रेडिएटर नव्हता, म्हणून पाण्याच्या तापमानाचा प्रश्नच नव्हता. पंखा हवा मारतो, आणि उरलेली बरीच उष्णता तेल वाहून नेतं. तेल मात्र जेमतेम अडीच लिटर. असं असूनही फळीवर तेलाच्या तापमानाचा काटा नाही, दाबाचाही नाही. दाबासाठी फक्त एक दिवा. गरम इंजिन २,५०० फेऱ्यांनी चालताना तेलाचा दाब सुमारे २ बार तरी असायला हवा. दिवा लागतो तो दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर. दोन बारवरून अर्ध्या बारपर्यंतची सगळी घसरण ड्रायव्हरच्या नकळत होते. दिवा लागेपर्यंत बेअरिंगला इजा सुरू झालेली असू शकते.

आता खानदेशचा मे महिना डोळ्यासमोर आणा. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जाणं नवलाचं नाही. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे ढोबळमानाने तापमानातल्या फरकावर ठरतं. युरोपात बाहेर २० अंश आणि तेल १०० अंश असेल, तर फरक ८० अंशांचा. बाहेर ४५ अंश असताना तेवढीच उष्णता बाहेर टाकायची, तर फरक तेवढाच, म्हणजे ८० अंशांचा, हवा. मग तेल १२५ अंशांवर जाणार. साधारण १२० च्या पुढे या इंजिनाची काळजी सुरू होते. त्यात धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा घाट, उत्तरेला शिरपूर-पळासनेरच्या पुढे बिजासनचा घाट. चढावर वेग कमी, इंजिनावर भार जास्त. म्हणूनच असे जुने वाहन जपणारे लोक त्यात हे दोन काटे स्वतः बसवून घेतात.

काटे बसवताना

इंजिन मागे, ड्रायव्हर पुढे. तेलाची नळी तीनएक मीटर पुढपर्यंत आणली आणि ती फुटली, तर गरम तेल गाडीत येणार. म्हणून विजेची पद्धत वापरतात. इंजिनावर दिव्याचा स्विच ज्या भोकात असतो, तिथे टी-आकाराचा जोड बसवतात. एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला दाबाप्रमाणे विद्युतरोध बदलणारा संवेदक. म्हणजे काटा येतो आणि दिवाही राहतो. संवेदक जड असतो. इंजिनाच्या थरथरीने जोड तडकू नये म्हणून तो लवचीक नळीने जोडून गाडीच्या अंगाला पक्का करतात, आणि मग त्याला वेगळी अर्थिंगची तार देतात. संवेदक थेट इंजिनावरच असेल तर परतीचा प्रवाह त्याच्या आट्यांतून जातो. आट्यांवर जाड टेप गुंडाळली की हा मार्ग तुटतो आणि काटा भलतंच दाखवतो.

संवेदक आणि गेज एकाच जोडीचे लागतात. एका प्रचलित जोडीत शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम रोध असतो. दुसऱ्या जोडीचा गेज लावला तर काटा हलेल, पण आकडा खोटा असेल. तापमानाचा संवेदक तेलाच्या टाकीच्या तळाशी किंवा तेल पाहण्याच्या पट्टीच्या जागी बसतो. दोन्ही जागांचे आकडे सारखे येतीलच असं नाही. म्हणून जागा एकदा ठरवायची आणि तिथलं नेहमीचं तापमान ओळखून ठेवायचं.

दोन्ही काटे एकत्र

काटे बसवले की काम संपत नाही, ते वाचावे लागतात. थंड इंजिन सुरू केलं की दाब जास्त दिसतो. तेल दाट असतं, त्यात कौतुक काही नाही. इंजिन तापतं तसा दाब उतरतो, हेही नेहमीचंच. घाटात तापमान चढलं आणि दाब हळूहळू उतरला, तर तेल पातळ होत आहे. वेग कमी करावा, खालचा गिअर घ्यावा, सावलीला थांबावं. तापमान रोजच्याच ठिकाणी आहे पण दाब महिन्यामागून महिना थोडाथोडा कमी होतोय, तर बेअरिंग झिजत असण्याची शक्यता आहे. दुरुस्तीला अजून अवधी आहे. दाब एकदम शून्यावर आला, तर लगेच इंजिन बंद करायचं. मात्र त्याच वेळी दिवा लागलेला नसेल तर कदाचित गेजच्या जोडणीतच बिघाड असेल. काटा आणि दिवा दोन्ही असले की ही पडताळणी करता येते.

दिवा ‘काहीतरी झालं’ एवढंच सांगतो. काटा ‘काहीतरी होत आहे’ हे सांगतो. पण त्यासाठी कालचा आकडा लक्षात असावा लागतो. स्वतःची एकच गाडी असलेल्या माणसाच्या दृष्टीने या दोन वाक्यांतलं अंतर एक तेलबदल की आख्खं इंजिन, एवढं मोठं असतं.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. काटे बंद असले तरी गाडी चालते, हे खरंच आहे. बॉयलरही दाबमापकाशिवाय चालतो, फुटेपर्यंत. गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरचे किंवा जीपचे हे दोन काटे चालू असतील, तर मालकाच्या परवानगीने मुलांना एक वही करायला सांगा. सकाळी सुरू करताना, अर्ध्या तासाने आणि दुपारी काम थांबवताना दोन्ही आकडे टिपायचे, शेजारी बाहेरचं तापमान लिहायचं. डिसेंबरमध्ये आठ दिवस आणि एप्रिलमध्ये आठ दिवस. मग दोन्ही आलेख शेजारी लावून मुलांनाच सांगू द्या, त्या इंजिनाची तब्येत कशी आहे ते.